इंच कमी, रबर जास्त

शोरूममध्ये रिम दाखवतात, टायर कुणी दाखवत नाही. सेल्समन सांगतो, "सर, टॉप मॉडेलला एकोणीस इंची डायमंड कट अलॉय येतात." घरची मंडळी माना डोलावतात, गाडीशेजारी उभं राहून फोटो निघतो आणि बुकिंगचे पैसे भरले जातात. रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंत रबर किती शिल्लक आहे, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. आपल्या रस्त्यांवर मात्र गाडीचा, खिशाचा आणि मणक्याचा निकाल त्या रबरावरच लागतो.

तेव्हा या आठवड्यात सांगणं एकच. एसयूव्हीची रिम लहान करा आणि टायर उंच भिंतीचा घ्या. ज्यांची रोजची वाट मातीतून, मुरमातून, दगडातून जाते त्यांनी त्यावर ऑल-टेरेन टायर चढवावेत. बाकीच्यांना तशा टायरची गरज नाही, पण रिमचा विचार त्यांनीही करावा.

टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे वाचायला शिकायला पाच मिनिटं पुरतात. २५५/६० आर १८ म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि आत १८ इंची रिम. २५५चे ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर. दोन टनांची गाडी आणि खड्डा यांच्यामध्ये एवढंच रबर आणि त्यातली हवा असते. बाकीचं काम सस्पेन्शन करतं, पण पहिला दणका टायरच घेतो. मधला आकडा ६० वरून ५५ झाला, ५० झाला की भिंत आखूड होते आणि रिम रस्त्याच्या जवळ सरकते.

मग काय होतं, ते जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही टायरच्या दुकानासमोर तासभर उभं राहून बघा. गाडी साठच्या वेगात खड्ड्यात जाते. खड्ड्याची पलीकडची कड टायरला समोरून धडकते. काँक्रीट संपून डांबर सुरू होतं तिथली पायरी तर फारच वाईट. टायर दबतो आणि दबता दबता रस्त्याची कड आणि रिमचा काठ यांच्यामध्ये चिमटतो. टायरच्या भिंतीत पॉलिएस्टरचे धागे असतात, हवेचा दाब तेच पेलतात. त्या चिमट्यात त्यांतले काही तुटतात. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. दोन-चार दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा येतो, कारण धागे तुटले त्या जागी हवा धरून ठेवायला आता नुसतं रबर उरलेलं असतं. दुकानातला माणूस त्यावरून अंगठा फिरवतो आणि नकारार्थी मान हलवतो. या फुग्याला पॅच चालत नाही, प्लग चालत नाही. टायर फेकायचा. तसाच पळवला तर तो कुठे आणि किती वेगात फुटेल याचा नेम नाही.

त्या दणक्यात रिमही सहसा सुटत नाही. बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवली की ती डुलताना दिसते, काठाला बेंड आलेला असतो. स्टीलची डिस्क ठोकून सरळ होते. अलॉय सरळ करताना तिला तडा जाऊ शकतो. तडा वेल्डिंगने भरून देणारे भरपूर आहेत. घरच्यांना त्या गाडीत बसवणार असाल तर त्यांच्याकडे जाऊ नका.

हे सगळं होतं ते गाडी घाटात, जंगलात नेली म्हणून नव्हे. ऑफिसला जाता-येता होतं. मुंबई-गोवा महामार्गावर होतं. गावातल्या स्पीडब्रेकरवरून उतरताना होतं.

मोठी रिम कंपन्या का बसवतात, याला कारणं आहेत. मोठ्या ब्रेक डिस्कला आत जागा लागते, हे एक. आखूड भिंतीचा टायर वळणावर कमी लवतो, स्टिअरिंग नेमकं लागतं, हे दुसरं. गुळगुळीत रस्त्यावर वेगात जाणाऱ्याला त्याचा खरा फायदा मिळतो. पण सगळ्यात मोठं कारण दिसण्याचं. उंच, जाडजूड गाडीला लहान चाक चित्रात शोभत नाही, म्हणून डिझायनर चाक वाढवतो. पुढे हेच चाक वरच्या किमतीच्या मॉडेलची खूण होऊन बसतं. ज्याला सनरूफ, सहा एअरबॅग, चांगल्या सीट हव्यात, त्याच्या गळ्यात मोठी रिमही पडते. नको असली तरी. ही पद्धत चुकीची आहे, आणि त्याबद्दल गिऱ्हाइकांनी आजवर पुरेशी तक्रार केलेली नाही.

ज्यांना खरोखर वाळवंट आणि दगडगोटे पार करायचे असतात ते काय वापरतात बघा. डकार रॅलीत अव्वल वर्गाच्या गाड्या ३७ इंच उंचीचे टायर वापरतात आणि आत रिम असते १७ इंची. म्हणजे रिमच्या वर दहा इंच आणि खाली दहा इंच रबर. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपचा टायर ६.०० बाय १६ होता, आत १६ इंची रिम. मारुती जिम्नी २०२३ मध्ये आपल्याकडे आली ती १९५/८० आर १५ टायर घेऊन. तिच्या टायरची भिंत १५६ मिलिमीटरची. एक्सयूव्ही ७०० ही तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि जड गाडी, पण १८ इंची रिम घेतली तर तिच्या टायरची भिंत भरते १४१ मिलिमीटर. बारा-साडेबाराशे किलोच्या लहान गाडीला जास्त रबर आणि सात माणसांच्या मोठ्या गाडीला कमी. दिसण्यापायी गणित कसं उलटं होतं ते इथे कळतं.

आता सगळ्यात जास्त विचारली जाणारी शंका. रिम लहान केली तर गाडी खाली बसेल का? टायर नीट निवडला तर बसत नाही. गाडीची उंची रिमवर ठरत नाही, टायरच्या बाहेरच्या व्यासावर ठरते. थार रॉक्सचंच उदाहरण घ्या. वरच्या मॉडेलला २५५/६० आर १९ टायर येतो, खालच्यांना २५५/६५ आर १८. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, त्यात वर १५३ आणि खाली १५३ मिळवले की ७८८.६. १८ इंच म्हणजे ४५७.२, त्यात वर-खाली १६५.७५ मिळवले की ७८८.७. फरक एक दशांश मिलिमीटरचा. म्हणजे गाडीची उंची तीच, स्पीडोमीटर तोच, एबीएसचा हिशेब तोच. भिंत मात्र जवळपास तेरा मिलिमीटरने वाढली. फॉर्च्युनरला २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ अशी दोन मापं आली आहेत, त्यांचे व्यास ७७६ आणि ७७५. एक्सयूव्ही ७०० ची २३५/६५ आर १७ आणि २३५/६० आर १८ ही मापं ७३७ आणि ७३९ वर येतात. कंपन्यांच्या इंजिनिअरांना हे गणित पाठ आहे. ते शोरूमच्या माणसापर्यंत पोचत नाही, एवढंच.

असं जुळणारं माप असेल तर निर्णय सोपा. त्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराची कंपनीची रिम घ्या आणि खालच्या प्रकाराचं टायरचं माप घ्या. नवी रिम घेण्याचीही नेहमी गरज पडत नाही. बेस मॉडेल घेतलेले अनेक जण पहिल्याच महिन्यात मोठ्या रिम चढवतात आणि कंपनीच्या कोऱ्या रिम काढून विकतात. त्यांना हवं ते तुमच्याकडे आहे आणि तुम्हाला हवं ते त्यांच्याकडे. टायरच्या मोठ्या दुकानात सांगून ठेवलं तर असा सौदा जमतो.

स्कॉर्पिओ-एनच्या बाबतीत जरा डोकं चालवावं लागतं. तिथे खालच्या मॉडेलला २४५/६५ आर १७ आणि वरच्याला २५५/६० आर १८. पहिल्याचा व्यास ७५०, दुसऱ्याचा ७६३. तेरा मिलिमीटरचा फरक. वरचं मॉडेल घेतलेल्याने खालचं माप चढवलं तर गाडी साडेसहा मिलिमीटर खाली येईल आणि स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा खरा वेग ९८ च्या आसपास असेल. दोन्ही गोष्टी चालण्यासारख्या आहेत. पण भिंतीत मिळकत काय? २४५चे ६५ टक्के म्हणजे १५९. आधी १५३ होती. सहा मिलिमीटरसाठी एवढा खर्च करू नये, असं माझं मत. त्याच १७ इंची रिमवर २५५/६५ चढवला तर व्यास बरोबर ७६३ येतो आणि भिंत १६६ होते. ऑल-टेरेनवाले याच मापाकडे वळतात ते म्हणूनच. अडचण एकच, हे माप या गाडीच्या कंपनीच्या यादीतलं नाही. कायद्याचा आणि वॉरंटीचा प्रश्न तिथे उभा राहतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

रिम बदलताना दुकानदार पीसीडी विचारतो, म्हणजे नटांची भोकं किती आणि किती अंतरावर. ती जुळली की रिम बसली, असं तो सांगेल. तेवढ्यावर पैसे देऊ नका. रिमच्या मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे. बाजारातल्या बऱ्याच रिमचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम दहा गाड्यांना विकता येते. मग चाकाचा सगळा भार नटांवर येतो आणि ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. बॅलन्सिंग कितीही वेळा करा, जात नाही. हब रिंग घालून घेतली तर जातं. दुसरं, ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत-बाहेर बसते. तो चुकला की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, बेअरिंगवर ताण येतो, चिखल थेट काचेवर उडतो. काही जणांना चाक बाहेर आलेलं आवडतं, म्हणून ते स्पेसर लावून आणखी बाहेर काढतात. हे करू नका. तिसरं, नट. स्टीलच्या डिस्कचे नट आणि अलॉयचे नट दर वेळी एकच चालतात असं नाही, त्यांच्या बसण्याचा आकार वेगळा असू शकतो. चुकीचा नट आवळला तरी तो धरत नाही. आणि चाकं चढवल्यावर शंभरेक किलोमीटर गाडी फिरली की नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या. हे सांगणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका.

ब्रेकचा मुद्दा सगळ्यांत वरचा आहे. १८ वरून १७ वर येणं सहसा जमतं, कारण खालच्या मॉडेलला तीच रिम असते. हाव सुटून १६ वर उतरायला गेलात तर ब्रेकचा कॅलिपर रिमला आतून घासू शकतो. नुसती रिम लावून, हाताने चाक पूर्ण फिरवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. बोट घालता येईल एवढी फट हवी. रिमला आतून चिकटवलेली शिशाची वजनंही त्या फटीत यायला नकोत. आधी बघा, टायर मग चढवा. टायर चढवल्यावर दुकानदार रिम परत घेत नाही.

टायरवरचा आणखी एक आकडा आहे, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मापाच्या शेवटी १०८, ११०, ११२ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एक अक्षर. १०८ म्हणजे त्या टायरवर १००० किलो भार चालतो, ११० म्हणजे १०६०, ११२ म्हणजे ११२०. अक्षर कमाल वेगाचं. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस १८०, टी १९०, एच २१०. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन गाडी चालते तेव्हा हा भाराचा आकडा तुमचा जीव राखतो. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका. चार हजार रुपये वाचतात म्हणून तर अजिबात नको. टायरच्या भिंतीवरच तो कधी बनला ते चार आकड्यांत कोरलेलं असतं. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

आता ऑफ-रोड टायर. इथे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात.

ढोबळमानाने तीन जाती. एचटी म्हणजे रस्त्याचा, एटी म्हणजे ऑल-टेरेन, रस्ता आणि माती दोन्हींचा, एमटी म्हणजे चिखलाचा. एमटी टायर दिसायला जबरदस्त, मोठमोठे रबरी ठोकळे आणि मध्ये बोटं जातील एवढ्या फटी. चिखलात तो ठोकळ्यांनी माती कापतो आणि फिरताना फटींतली माती बाहेर भिरकावतो. हेच त्याचं काम. ओल्या डांबरावर मात्र तोच टायर गाडी थांबवायला जास्त अंतर घेतो, कारण रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं. वर चाकं जड, मायलेज कमी आणि केबिनमध्ये दिवसभर घरघर. पुण्या-मुंबईत रोज ऑफिसला एमटी टायरवर जाणाऱ्याने पावसात समोरच्या दुचाकीवाल्याचा विचार करावा. त्याला थांबायला जागा लागते, तुम्हालाही लागते, आणि तुमच्या टायरने ती वाढवून ठेवली आहे. शहरात एमटी लावू नये. यात दुसरं मत मला मान्य नाही.

एमटी लावला म्हणजे गाडी अडणारच नाही, हाही गैरसमज. मराठवाड्यातली, सोलापूर-अहिल्यानगरकडची काळी माती पावसात बघा. पहिल्या पन्नास फुटांत ती टायरच्या सगळ्या फटी बुजवते. माती इतकी चिकट की फिरत्या चाकावरूनही सुटत नाही. टायर गुळगुळीत गोळा होतो, मडगार्डच्या आत माती कोंबली जाते आणि चाक फिरेनासं होतं. तिथे फोर बाय फोरही हात टेकते. शेतकरी काय करतो? पाऊस उघडून दोन दिवस ऊन पडेपर्यंत गाडी सडकेला लावतो आणि चालत जातो. हे त्याला टायरच्या जाहिरातीने शिकवलेलं नाही. कोकणातली तांबडी माती निराळी. तिच्यात जांभ्याचे खडे असतात, ती इतकी धरून राहत नाही, तिथे एटी टायर चांगला चालतो. सह्याद्रीत माथ्याकडे जाणाऱ्या वाटांवर बेसॉल्टचे धारदार दगड असतात, ते टायरच्या नक्षीला फारसं काही करत नाहीत, भिंत कापतात. म्हणून तिकडे जाणाऱ्याने नक्षी किती खोल आहे यापेक्षा भिंत किती मजबूत आहे ते बघावं.

एटी टायर कुणी घ्यावा? ज्याचं घर, शेत, बाग, क्रशर, साइट डांबरी सडकेपासून आत आहे. ज्याला वर्षभर पाणंद तुडवावी लागते. गावोगाव फिरणारे जनावरांचे डॉक्टर, द्राक्षबागांचे सल्लागार, धरणा-कालव्यांच्या साइटवरचे इंजिनिअर. भटकंतीचा खरा नाद असलेले. या सगळ्यांना एटी टायरचा उपयोग रोज होतो. आवाज थोडा वाढतो, मायलेज थोडं पडतं, ओल्या डांबरावर चांगल्या एचटीपेक्षा ब्रेक उशिरा लागतो. एवढं मान्य करून घ्यायचं आणि वेग त्याप्रमाणे आवरायचा. ज्याची गाडी सोसायटी, ऑफिस, मॉल आणि वर्षातून दोनदा महाबळेश्वर एवढीच फिरते, त्याने लहान रिमवर उत्तम एचटी टायर घ्यावा. खड्ड्यापासून वाचवणारं रबर त्यालाही तेवढंच मिळतं.

काही टायरवर डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण असते. ती बर्फासाठीच्या चाचणीची. हिवाळ्यात स्पितीला जाणार असाल तर तिला अर्थ आहे. आंबेगाव ते आंबोली फिरणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

हवेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. उंच भिंतीचा खरा फायदा हवा कमी केल्यावर कळतो. मऊ मातीत हवा वीस पीएसआयच्या आसपास आणली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, भार पसरतो आणि चाक रुतायचं थांबतं. आखूड भिंतीच्या टायरला हे जमत नाही. हवा काढली की रिम थेट दगडाला लागते, किंवा वळताना टायर रिमच्या काठावरून निसटतो. पण हवा कमी करायची ती हळू चालण्यापुरती. डांबरावर आलात की गाडी बाजूला घ्या, कंप्रेसर लावा, हवा पुन्हा दाराच्या स्टिकरवर आहे तेवढी भरा, मग पुढे जा. कमी हवेवर समृद्धी महामार्गाला लागणं हा गुन्हा समजावा. तिथे कारला ताशी १२० पर्यंत मुभा आहे. काँक्रीटवर, उन्हात, त्या वेगाने कमी हवेचा टायर सतत दुमडतो, तापतो आणि फुटतो. गाडीत प्रेशर गेज ठेवा, ते फार महाग नसतं. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका.

स्टेपनीकडे वळतो. चार चाकं बदलतात आणि पाचवं जुनंच राहतं, हे नेहमीचं. पाचव्याचा व्यास वेगळा असेल तर फोर व्हील ड्राइव्हमध्ये ते लावून पळणं गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला मारक ठरतं. पैसे कमी पडत असतील तर सहा महिने थांबा, पण पाचही चाकं एकाच मापाची घ्या. नव्या रिममध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर हलवून घ्यायलाही विसरू नका. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असताना तसंच वर्षभर फिरणारे लोक मी बघतो. तो दिवा ज्या दिवशी खरं सांगेल त्या दिवशीही ते ऐकणार नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हे ठासून सांगितलं. त्यामुळे माझा सल्ला असा की, त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या मापांतच राहा. तसं केलंत तर आरटीओला, विम्याच्या सर्व्हेअरला आणि सर्व्हिस सेंटरला दाखवायला तुमच्याकडे कंपनीचाच कागद असतो. यादीबाहेरचं माप चढवायचंच असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. तोंडी "काही होत नाही साहेब" याला दाव्याच्या वेळी काडीची किंमत नसते.

आणि चांगले टायर आले म्हणून गाडी कुठेही घालू नका. हे मी सगळ्यांत कळकळीने सांगतोय. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. त्या कातळावर मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम बोटभर असतो. त्यावर दर वर्षी फुलणारी झाडं एका चाकाखाली जातात आणि तो चाकोरीचा पट्टा वर्षानुवर्षं भरत नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली. जमिनीला समतल कोरलेली चित्रं आहेत ती, गाडीच्या काचेतून दिसतसुद्धा नाहीत. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. तिथे भरतीच्या रेषेजवळ एसयूव्ही पळवून रील काढणाऱ्याला दंड व्हायलाच हवा. पुढे ती गाडी भरतीत अडकते, गावातला ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि बातमी होते. त्या बातमीमुळे जबाबदारीने फिरणाऱ्यांच्या वाटाही बंद होतात. वनखात्याची हद्द, पठार, किनारा, दुसऱ्याचं उभं पीक, इथे चाक घालायचं नाही. पाणंद, शिवरस्ता, गावची कच्ची सडक एवढ्या वाटा महाराष्ट्रात भरपूर आहेत.

शेवटी कंपन्यांकडे एक मागणी आणि ती तुमच्यामार्फत. पुढची गाडी बुक करायला जाल तेव्हा सनरूफबद्दल विचारण्याआधी विचारा, "याच मॉडेलला एक इंच लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर मिळेल का?" सेल्समन नाही म्हणेल. त्याला ते बुकिंगच्या कागदावर लिहून घ्यायला सांगा आणि मॅनेजरची सही मागा. गिऱ्हाइकाने लेखी मागितलेली गोष्ट कंपनीच्या बैठकीत पोचते. पैसे तुम्ही भरताय, तेव्हा कुठलं चाक बसवायचं हे विचारण्याचा हक्कही तुमचाच आहे.